गराडूच्या प्लेटवर कर लावला तर

22 सप्टेंबर 2025, सोमवार, घटस्थापना. सकाळी राजवाड्याजवळच्या आमच्या नेहमीच्या नमकीनवाल्याकडे गेलो, कारण घरातली शेव संपली होती आणि इंदुरात शेवेवाचून पोहे खाणं म्हणजे जवळजवळ आजारीपण. माझ्या पुढे एक काकू उभ्या होत्या. पाव किलो लौंग शेव तोलून झाली, पुडी बांधून झाली, आणि मग वाद सुरू झाला. "टीव्हीवर सांगितलंय, आजपासून नमकीन स्वस्त. कमी करा." दुकानदाराने काचेच्या कपाटाकडे बोट केलं. "माताजी, वो पॅकेटवाला सस्ता हुआ. खुल्ला तो पहले से पाँच पे है."

तो खरं बोलत होता. पॅकबंद, लेबल लावलेल्या नमकीनवरचा जीएसटी त्या दिवशी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. सुट्या नमकीनवर तो आधीपासून 5 टक्केच होता. काकूंना हे पटलं नाही. "सगळे चोर एका माळेचे मणी," असं मराठीत पुटपुटत त्या गेल्या. मराठी समजणारं गिऱ्हाईक मागे उभं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्या आठवड्यात असे वाद गल्लोगल्ली झाले. आधी एक साधा हिशेब उरकून घेऊ. कर 12 वरून 5 वर आला म्हणजे किंमत 7 टक्क्यांनी उतरली पाहिजे, असं बहुतेकांनी धरलं. पण कर मूळ किमतीवर लागतो आणि आपण देतो ती करासकट किंमत. पूर्वी 112 देत होतो, आता 105 द्यायचे. 112 मधले 7 म्हणजे सव्वासहा टक्के. स्कूटर आणि छोट्या मोटरसायकलींवरचा कर 28 वरून 18 वर आला, तिथे 10 टक्के नव्हे, पावणेआठच्या आसपास फरक. इथवर सातवीचं गणित आहे. पुढे मात्र गणिताआधी एक प्रश्न येतो: ही सूट गिऱ्हाइकाला मिळेलच कशावरून?

त्याआधी थोडं विषयांतर. आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ ठामपणे सांगतात की सप्टेंबरात गाड्यांची विक्री थंडावली ती पितृपक्षामुळे, आणि नवरात्र लागताच शोरूमबाहेर रांगा लागल्या त्या देवीच्या कृपेने. पितृपक्ष 7 सप्टेंबरला लागला आणि 21 ला सर्वपित्री अमावस्येला संपला. पण करकपातीची घोषणा 3 सप्टेंबरच्या रात्री झाली होती आणि ती लागू होणार होती 22 पासून. अठरा दिवस थांबलं की हजारो रुपये वाचणार हे कळल्यावर नास्तिकसुद्धा थांबेल. पितृपक्षात खरेदी मंदावते हे खरं, पण ते दर वर्षीच होतं. त्या वर्षी दोन कारणं एकमेकांवर येऊन बसली होती, आणि ज्याला जे आवडलं ते त्याने उचललं.

आता मूळ प्रश्न. कर सरकारच्या खात्यात जमा कोण करतो हे कायदा ठरवतो. त्याचा चटका कोणाला बसतो हे कायदा ठरवू शकत नाही. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: कराघात आणि करभार. आघात एकावर, भार भलत्यावर. आणि भार कोणावर पडणार याचा नियम एका वाक्यात मावतो: ज्याला पळता येत नाही, तो सोसतो.

हे पाहायला इंदुरातल्या सराफ्यासारखी जागा नाही. दिवसा सोन्याची दुकानं, रात्री त्यांच्याच ओटल्यांसमोर खाण्याची. हिवाळ्यात तिथे गराडू मिळतो. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: हा कोनफळाचा चुलतभाऊ. तुकडे तळून ठेवायचे, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडकडीत तळायचे, वर जिरावण (आमचा इंदुरी मसाला) आणि लिंबू. समजा, रात्री नऊ वाजता सरकारने फर्मान काढलं, प्रत्येक प्लेटमागे 10 रुपये कर. नऊ वाजता गराडूवाल्याकडे पर्याय आहेत. कच्चे कंद टोपलीत पडलेले आहेत. आज कमी कापेल, उरलेले उद्या विकेल, नाहीतर गाडीवर भुट्ट्याचा कीस लावेल. तो पळू शकतो, म्हणून किंमत वाढवून बोजा तुमच्याकडे सरकवतो. आता तेच फर्मान रात्री एक वाजता निघालं असं धरा. कंद कापून झालेत, एकदा तळून झालेत, सकाळी ते फेकावेच लागणार. गर्दी ओसरली आहे, उरलेल्या गिऱ्हाइकांची पोटं भरली आहेत. जो माल 40 ला खपत होता तो 40 लाच खपेल, आणि त्यातले 10 त्याच्या गल्ल्यातून जातील. गल्ली तीच, माणूस तोच, करही तोच. चार तासांत भार या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला.

या पळण्याच्या क्षमतेला लवचीकता म्हणतात. किंमत एक टक्का हलली की मागणी किंवा पुरवठा किती टक्के हलतो, ती. गिऱ्हाइकाच्या वाट्याला येणारा करभार म्हणजे पुरवठ्याची लवचीकता भागिले दोन्ही लवचीकतांची बेरीज. पुरवठ्याची 3 आणि मागणीची 1 असेल, तर कराचे बारा आणे गिऱ्हाईक सोसतो आणि चार आणे दुकानदार. सूत्रात दुकानदाराच्या प्रामाणिकपणाला कुठेच जागा नाही, हे काकूंना सांगायला हवं होतं.

सूत्राला एक दोष आहे, तोही सांगतो. त्याच्या मते कर चढताना जे होतं त्याच्या बरोबर उलट उतरताना व्हायला हवं. प्रत्यक्षात होत नाही. फिनलंडने 2007 मध्ये केस कापण्यावरचा कर 22 टक्क्यांवरून 8 वर आणला, आणि 2012 मध्ये परत 23 वर नेला. अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही वेळच्या किमती तपासल्या. कर वाढला तेव्हा किमती जितक्या हलल्या, त्याच्या साधारण निम्म्याच कर घटला तेव्हा हलल्या. आपल्याकडेही 22 सप्टेंबरला सलूनवरचा कर 18 वरून 5 झाला, पण कच्च्या मालावर आणि भाड्यावर भरलेल्या कराची वजावट काढून घेतली गेली. म्हणजे सलूनवाल्याचा खर्च थोडा वाढला, कर बराच घटला, आणि मधल्या फरकाचं काय करायचं ते त्याच्या हातात. नफेखोरी रोखण्यासाठी जीएसटी कायद्यात कलम 171 आहे खरं, पण त्याखाली नव्या तक्रारी घेणं 1 एप्रिल 2025 पासून बंद झालंय.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. त्यासाठी लेख लांबला तर लांबू दे.

कर गेला कुठे? गिऱ्हाइकाच्या किंवा दुकानदाराच्या खिशातून सरकारच्या तिजोरीत. तिथून रस्ता होईल, शाळा होईल, काही गळेल. पण पैसा जगातून नाहीसा झाला नाही, हात बदलले. खरं नुकसान वेगळीकडे असतं, आणि ते दिसत नाही, कारण ते न झालेल्या व्यवहारांत लपलेलं असतं.

सराफ्यात गराडूची प्लेट करायला 60 रुपये पडतात असं धरू, त्यात गाडीवाल्याची मजुरीही आली. कितीही प्लेट केल्या तरी 60 च. समोर चाळीस माणसं उभी आहेत. पहिल्याला गराडूची प्लेट 61 रुपयांच्या मोलाची वाटते, दुसऱ्याला 62 च्या, असं करत चाळिसाव्याला, जो माझ्यासारखा गराडूवेडा आहे, 100 च्या. कर नसताना किंमत 60. चाळीसही जण खातात. प्रत्येकाला दिलेल्या पैशापेक्षा जास्त सुख मिळतं: पहिल्याला 1 रुपयाचं, मला 40 चं. बेरीज 820. पुस्तकी भाषेत हे उपभोक्त्याचं संतोषाधिक्य.

आता प्लेटमागे 10 रुपये कर. किंमत 70. ज्यांना प्लेट 70 किंवा जास्त मोलाची वाटते ते एकतीस जण थांबतात. नऊ जण हात हलवत निघून जातात. सरकारला मिळाले 310. आणि त्या नऊ जणांचं जे सुख बुडालं, 1 अधिक 2 अधिक 3 असं 9 पर्यंत, ते 45. हे 45 ना सरकारला मिळाले, ना गाडीवाल्याला, ना कोणाला. इंग्रजीतून आलेला शब्द आहे डेडवेट. मला त्यापेक्षा आजीचा शब्द आवडतो: सांडलं.

कर दुप्पट करू, 20. किंमत 80, खाणारे एकवीस. सरकारला 420. सांडलं किती? 1 पासून 19 पर्यंतची बेरीज, 190. कर दुप्पट, पण सांडणं चौपटीहून थोडं जास्त. कर तिप्पट करू, 30. किंमत 90, खाणारे अकरा. सांडलं 435, म्हणजे नऊपटीहून जास्त. आणि सरकारला? 330. कर 20 असताना मिळत होते त्याहून 90 कमी. तिजोरीत आलं त्यापेक्षा रस्त्यावर जास्त सांडलं.

सांडणं कराच्या प्रमाणात वाढत नाही, कराच्या वर्गाच्या, म्हणजे कर गुणिले कर, या प्रमाणात वाढतं. याचं कारण बघण्यासारखं आहे. कर वाढवला की दोन गोष्टी एकदम होतात: आणखी माणसं निघून जातात, आणि आता जाणारा प्रत्येक माणूस आधी गेलेल्यांपेक्षा गराडूवर जास्त जीव असलेला असतो. 61 वाला गेला तर रुपयाचं नुकसान, 89 वाला गेला तर 29 चं. लांबी वाढते आणि उंचीही वाढते. आलेख काढला तर त्रिकोण होतो, आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ असंच वाढतं.

हे पहिल्यांदा सांगितलं ते अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने नाही. ज्यूल द्युप्वी हा फ्रेंच सरकारचा रस्ते-पूल बांधणारा इंजिनिअर. 1844 मध्ये तो पुलांवरच्या टोलचा विचार करत होता. टोल किती जमला हे सगळेच मोजत होते. टोलमुळे पूल न ओलांडता काठावरूनच परतलेल्यांचं काय, हे त्याने विचारलं. आपल्या कृष्णपुऱ्याच्या पुलावर पायी जाणाऱ्यांना टोल बसवला तर जी म्हातारी राजवाड्याकडे जायचंच टाळेल, ती कुठल्याच वहीत सापडणार नाही. द्युप्वीने तिला वहीत घेतलं, आणि नुकसान वर्गाने वाढतं हेही दाखवलं.

याचा व्यवहारी अर्थ सरळ निघतो: एका वस्तूवर 28 आणि दुसरीवर शून्य ठेवण्यापेक्षा दोन्हींवर मध्यम कर ठेवला तर तितकाच पैसा कमी सांडून जमतो. म्हणून 12 आणि 28 चे टप्पे काढून बहुतेक वस्तू 5 आणि 18 वर आणणं मला तत्त्वतः पटतं. सरकारच्या 'बचत उत्सव' वगैरे जाहिराती मात्र अति होत्या. कर घटला की बहुधा महसूलही घटतो, आणि तो कुठून तरी भरून काढावा लागतो.

पण सगळीकडे सारखा कर हेही शेवटचं उत्तर नाही. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी एक प्रश्न फ्रँक रॅम्झी या तरुण गणितज्ञापुढे ठेवला: ठरावीक रक्कम जमवायची आहे, तर कमीत कमी सांडेल असे कर कसे लावावेत? 1927 च्या लेखात रॅम्झीने उत्तर काढलं: प्रत्येक वस्तूची खपत सारख्याच प्रमाणात घटेल असे दर ठेवा. सोप्या स्थितीत याचा अर्थ होतो, मागणी जितकी ताठर तितका कर जास्त. लोक जिच्यावाचून राहू शकत नाहीत तिच्यावर भरपूर कर लावा, कोणी पळणार नाही, त्रिकोण बारीकसा होईल. गणित निर्दोष आहे. आता विचार करा, अशी आदर्श वस्तू कोणती?

मीठ. रॅम्झी जानेवारी 1930 मध्ये, अवघ्या 26 व्या वर्षी गेला. मार्चमध्ये गांधीजी दांडीला निघाले. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण मला त्या शेजारी शेजारी ठेवायला आवडतात. मिठावरच्या कराने सांडत कमी होतं, पण जे वसूल होत होतं ते कोणाच्या ताटातून, हे त्रिकोण सांगत नाही. आज मिठावर जीएसटी शून्य आहे. सिगारेट-गुटख्याची गोष्ट निराळी. तिथे खप घटावा हाच हेतू, आणि त्या कराला नावच पिगूचं मिळालंय.

आता सराफ्यातल्या खऱ्या गराडूकडे. परवा रात्री मी गाडीवाल्याला विचारलं, तू जीएसटी भरतोस का? तो हसला. त्याच्यासारख्या छोट्या गाड्या नोंदणीच्या मर्यादेखाली असतात, आणि कच्च्या गराडूवर कर शून्य. पण कढईतल्या तेलावर 5 टक्के, आणि गाडीखालच्या व्यावसायिक सिलिंडरवर 18. नोंदणी नाही म्हणून या कराची वजावट त्याला मिळत नाही; तो प्लेटमध्येच मुरतो.

"फिर प्लेट का भाव किससे तय होता है?" मी विचारलं.

त्याने झाऱ्याने शेजारच्या गाडीकडे दाखवलं. "उससे." आणि माझ्या प्लेटवर चिमूटभर जिरावण जास्त टाकलं.