आठ कुठे, पाच कुठे?

भाच्याने फ्रिजवर कागद चिकटवला होता: 8 किमी, 5 किमी, 1,500 मीटर, 1,000 फूट. डोळ्यांनी बघून विमान उडवायचं तर किती लांबचं दिसावं आणि ढगापासून किती दूर राहावं, त्याचे हे आकडे. वैमानिकाच्या परीक्षेत रेग्युलेशनच्या, म्हणजे हवाई नियमांच्या पेपरला 70 टक्के लागतात, म्हणून शेंगा चटणी-भाकरी खाताखाता स्वारी हे आकडे पाढ्यांसारखे घोकत होती. आठ आणि पाचची अदलाबदल मात्र हटकून व्हायची.

त्यात नवल नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच केलेले प्रयोग 1885 मध्ये प्रसिद्ध केले, त्यांत विसरण्याचा वेग पहिल्या तासातच सर्वाधिक दिसला. या आकड्यांना अर्थ आहे, तो कागदावर नव्हता एवढंच.

"आठ का लागतात ते सांग आधी," मी म्हटलं.

"मामा, पेपरात का विचारत नाहीत."

तरी हिशोब मांडला. डोळ्यांनी बघून उडायचं, तर समोरचं विमान वेळेत दिसायला हवं. 10,000 फुटांखाली वेगाची मर्यादा साधारण 250 नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). आपलं छोटं विमान 100 नॉटचं. समोरासमोर आले तर दर सेकंदाला 180 मीटर अंतर मिटतं. 5 किलोमीटर 28 सेकंदांत संपतात. विमान दिसून, धोका ओळखून वळेपर्यंत साडेबारा सेकंद जातात, असं अमेरिकी विमान नियामक सांगतो. म्हणजे पाच पुरतात. 10,000 फुटांच्या वर वेगाचं बंधन सुटतं, म्हणून तिथे आठ. ढगापासून आडवं अंतर 1,500 मीटर, उभं 1,000 फूट. ढगातून उपकरणांवर उडणारं विमान अचानक बाहेर येऊ शकतं म्हणून. त्याच वेगांनी 1,500 मीटर आठ सेकंदांत संपतात. मला तरी ते कमीच वाटतं.

खरी गंमत खालच्या थरात. 'एफ' आणि 'जी' वर्गाच्या, म्हणजे नियंत्रण नसलेल्या हवाई क्षेत्रात, समुद्रसपाटीपासून 3,000 फूट किंवा जमिनीपासून 1,000 फूट, यातलं जे उंच असेल तिथपर्यंत ढगाबाहेर राहिलं आणि जमीन दिसत असली की भागतं, दृश्यमानता पाचच. सोलापूरची जमीनच सुमारे 1,500 फुटांवर. त्यावर हजार म्हणजे 2,500. त्यापेक्षा 3,000 मोठे. म्हणजे अशा क्षेत्रात सोलापूरइतक्या उंच जमिनीवर ही सवलत जेमतेम दीड हजार फूट पुरते. समुद्रकाठी जवळजवळ पूर्ण तीन हजार.

"आणि महाबळेश्वर? साधारण साडेचार हजार धर."

"साडेपाच हजार," तो म्हणाला. फ्रिजकडे पाठ होती त्याची.