स्नानगृह नूतनीकरणाची परवानगी (मुंबई)

मुंबईत राहत्या घरातले बाथरूम किंवा शौचालय नव्याने करताना दोन ठिकाणी विचारावे लागते: बृहन्मुंबई महानगरपालिका आणि सहकारी गृहनिर्माण संस्था. पालिकेची परवानगी प्रत्येक कामाला लागत नाही. संस्थेला मात्र कळवावेच लागते.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 342 नुसार इमारतीत भर घालण्यापूर्वी किंवा तिचा भाग काढून फेरबदल करण्यापूर्वी आयुक्तांना सूचना द्यावी लागते. यातून ‘टेनंटेबल रिपेअर्स’ (घर राहण्याजोगे ठेवणाऱ्या किरकोळ दुरुस्त्या) वगळलेल्या आहेत आणि त्यांची यादी कलमातच दिली आहे: गिलावा, रंग, फरशी बदलणे, शौचालय, न्हाणी व धुण्याची जागा दुरुस्त करणे, ड्रेनेजचे पाइप, नळ, सॅनिटरी व विजेची फिटिंग बदलणे. म्हणजे जुन्या टाइल्स काढून नव्या बसवणे, भारतीय पद्धतीच्या जागी कमोड घेणे, गिझरची लाइन भिंतीत घेणे यांसाठी पालिकेत खेटे घालण्याची गरज नसते. सवलत संपते ती मापे बदलली, भार पेलणारी भिंत किंवा बीम-कॉलम काढला, जमिनीची पातळी खाली नेली किंवा पोटमाळा घातला की. यांतल्या परवानगी मिळण्याजोग्या कामासाठी परवानाधारक वास्तुविशारद व स्ट्रक्चरल इंजिनिअरमार्फत नकाशे सादर करावे लागतात.

सर्वाधिक वाद शौचालयाची जागा हलवण्यावरून होतात. बाथरूमखालचा स्लॅब बहुधा मुद्दाम खोल ठेवलेला असतो (संकन स्लॅब). त्या खोलगट भागात नहाणी ट्रॅप (सांडपाणी गोळा करून पाइपात सोडणारे जाळीचे भांडे) आणि पाइप उतारासह बसवून वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा सिमेंटमधला थर) व वॉटरप्रूफिंग करतात. बेडरूमखालचा स्लॅब असा खोल नसतो. तिथे कमोड नेला की उतार मिळवण्यासाठी जमीन उचलावी लागते आणि विटांचा भराव येतो. एक घनमीटर भरावाचे वजन सुमारे दीड टन भरते, आणि मूळ आराखड्यात त्याचा हिशेब धरलेला नसतो. शिवाय खालच्या घराच्या स्वयंपाकघरावर किंवा झोपायच्या खोलीवर शौचालय येते. जमीन जलरोधक असल्याखेरीज शौचालय दुसऱ्या खोलीच्या थेट वर असू नये, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. कंत्राटदार ‘दोन इंच उचलू, काही होत नाही’ म्हणाला, तरी इंजिनिअरच्या लेखी अभिप्रायाशिवाय हे काम करूच नये.

घाटकोपरची सिद्धी साई इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळून 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावर त्या वेळी फेरबदलाचे काम सुरू होते. घराच्या आतली भिंत ही आपली खासगी बाब, असे मानणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी.

संस्थेच्या उपविधींनुसार (नियमावलीनुसार) सदनिकेत भर किंवा फेरबदल करण्यासाठी व्यवस्थापक समितीची पूर्वपरवानगी लागते. सभासद अर्जासोबत कामाचा तपशील आणि कंत्राटदाराची माहिती देतो. अनेक संस्था परत मिळणारी अनामत रक्कम घेतात आणि कामाच्या वेळा ठरवून देतात. समित्यांचे लक्ष बहुतेक लिफ्टमधल्या सिमेंटच्या गोण्यांवर असते. त्यांनी आधी पाइप कुठून कुठे जाणार, याचा नकाशा मागायला हवा. फरशी बसवण्यापूर्वी पाणी तुंबवून ठेवायचे आणि खालच्या घराचे छत तपासायचे (पाँडिंग टेस्ट), ही अटही परवानगीतच लिहावी. नंतर गळती निघाली, तर बाहेरच्या सामाईक पाइपची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते आणि आतल्या फिटिंगची सभासदाच्या. संस्थेचे ना-हरकत पत्र पालिकेच्या परवानगीची जागा घेत नाही.

पागडीच्या किंवा भाड्याच्या घरात मालकाची लेखी संमती घ्यावी. चाळीत मोरीच्या जागी शौचालय करताना काम अवघड होते, कारण तिथे मैलापाण्याची नवी जोडणी लागते आणि लाकडी तुळयांवरची जमीन कायम ओली राहणे धोक्याचे असते.

विनापरवाना फेरबदल आढळल्यास पालिका कलम 354अ खाली काम थांबवण्याची, तर कलम 351 खाली कारणे दाखवा नोटीस देते. समाधानकारक उत्तर न आल्यास बांधकाम पाडले जाते.