तिसऱ्या वर्षीचे बियाणे

मार्च उजाडला की ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर देणगीची आवाहने फिरू लागतात. करबचतीचे दिवस असतात, आणि पेरणीआधी बियाणे शेतकऱ्याच्या हाती पडायचे तर पैसाही याच सुमारास लागतो. अलीकडे त्यात देशी बियाणे जपणाऱ्या संस्थांची भर पडली आहे. मुरबाड, शहापूर, जव्हारकडच्या अल्पभूधारक शेतकऱ्यांना भात, नाचणी, वरी, वाल यांचे जुने वाण द्यायचे, गावात बीज बँक उभारायची, असा साधारण मजकूर असतो. सोबत बरण्यांच्या रांगेचा फोटो आणि तीन आकडे: जपलेले वाण, वाटलेली पाकिटे, लाभार्थी शेतकरी.

हे काम मोलाचे आहे असे मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच ते नीट मोजले जावे असे मला वाटते. या तीन आकड्यांपैकी एकही ते मोजत नाही.

आधी वाणांच्या वैविध्याने शेतकऱ्याच्या पदरात पडते काय, ते पाहू. भातसा आणि तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथली भातशेती बहुतांशी पावसावरच चालते. एका घरची जमीन दोन-अडीच एकर, पण तीही एकसारखी नसते. वरच्या अंगाची खाचरे पाऊस ओसरला की काही दिवसांत तडकतात, तिथे साडेतीन महिन्यांत निघणारे हळवे भात लावतात. मधल्या खाचरांत निमगरवे. ओढ्यालगत, जिथे पाणी साचून राहते, तिथे सर्वांत उशिरा तयार होणारे गरवे. सप्टेंबरात पावसाने दगा दिला तर गरवे पोसवताना अडकते, पण हळवे बरेचसे पदरात पडलेले असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतीच्या पावसाने झोडपले तर कापणीला आलेले हळवे आडवे होते आणि गरवे तगते. कापणीची धांदलही एकाच आठवड्यात येत नाही, घरच्या माणसांना ती पेलते. सगळीकडे एकच वाण लावला, तर त्या आठ दिवसांचे हवामान वर्षाचा भात ठरवून मोकळे होते.

नवी मुंबईच्या वाचकाला तर याहून जवळचे उदाहरण आहे. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या 95 गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. त्यातली बरीच जमीन खाडीला बांध घालून राखलेली खारजमीन होती. उधाणात बांधाला खांड गेली की खारे पाणी खाचरात शिरते. मग सोडियम रोपात शिरून पोटॅशियमची जागा घेतो आणि साधे भात करपते. या खारेपाटात काळा राता, भुरा राता असे लाल दाण्याचे वाण टिकून होते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने स्थानिक वाणांतून निवडी केल्या, आणि पुढे पनवेल 1, 2 आणि 3 हे क्षार सोसणारे वाण याच केंद्रातून आले. मूळ वाण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले नसते, तर निवड कशातून करायची, हाच प्रश्न पडला असता.

आता मोजमापाकडे. बियाणे वाटपाचा परिणाम शास्त्रशुद्ध मोजता येतो, याचा एक फार सुंदर दाखला ओडिशात आहे. तिथल्या एफआर 13ए या जुन्या वाणाला पुराचे पाणी सहन होते. साधे भात बुडाले की पाण्याबाहेर डोके काढायला झपाट्याने उंच वाढते, त्यात साठवलेली साखर संपवते आणि पाणी उतरेपर्यंत दमून मरते. एफआर 13एमधले सब1ए हे जनुक ही वाढ थोपवते. रोप जागच्या जागी थांबते, साठा राखते आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटते. सुमारे दोन आठवडे ते असे तग धरू शकते. 2006 मध्ये हे जनुक ओळखले गेले, लोकप्रिय स्वर्णा वाणात संकरातून आणले गेले आणि 2009 मध्ये स्वर्णा-सब1 भारतात प्रसारित झाला.

त्यानंतर संशोधकांनी जे केले ते देणगीदारांसाठी महत्त्वाचे आहे. ओडिशातली 128 गावे घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यातली निम्मी निवडली आणि तिथल्या काही शेतकऱ्यांना 2011 च्या खरिपात या बियाण्याची छोटी पाकिटे दिली. उरलेल्या गावांत दिली नाहीत. मग दोन्हीकडची शेते पाहिली. दहा दिवस पाण्याखाली राहिलेल्या शेतात नव्या वाणाने स्वर्णापेक्षा सुमारे 45 टक्के जास्त पीक दिले, आणि पूर नसतानाही काही तोटा दिसला नाही. आणखी एक गोष्ट निघाली: सखल, बुडणारी जमीन अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला जास्त आलेली होती, त्यामुळे फायदाही त्यांना जास्त होणार होता. पुढच्या अभ्यासात असेही दिसले की पुराची धास्ती कमी झाल्यावर शेतकरी खताला, लावणीला हात सैल सोडू लागले.

चिठ्ठ्या टाकण्याला एवढे महत्त्व का? कारण संस्थेच्या मेळाव्याला आपणहून येणारा शेतकरी मुळातच हुशार, धडपड्या असतो. त्याचे पीक शेजाऱ्यापेक्षा बरे आले, तर श्रेय बियाण्याचे की त्याचे, हे कळायला मार्ग नाही. शिवाय एखाद्या वर्षी पाऊसच इतका वेळेवर पडतो की सगळ्यांचेच पीक चांगले येते आणि अहवालात ते यश म्हणून छापले जाते. प्रत्येक छोट्या संस्थेने 128 गावांचा प्रयोग करावा असे कोणी म्हणणार नाही. पण जिथे काम केलेले नाही अशी आसपासची चार-पाच गावे नजरेखाली ठेवणे आणि वाटपाआधी कोण काय लावत होते हे लिहून ठेवणे, एवढे प्रत्येकीला जमते.

एवढ्या नोंदींनी चित्र किती पालटते, ते एका कल्पित हिशेबात दिसेल. समजा, एका संस्थेने 200 रुपयांप्रमाणे 1000 पाकिटे वाटली, खर्च 2 लाख. तिसऱ्या वर्षी 40 जण तो वाण लावताना दिसले, पण त्यातले 25 जण आधीपासूनच लावत होते. संस्थेमुळे वाढले 15, म्हणजे शेतकऱ्यामागे 13,333 रुपये पडले. दुसऱ्या संस्थेने 100 च शेतकरी घेतले. बियाणे, प्रशिक्षण, हंगामात तीन-चार फेऱ्या धरून माणशी 1500 रुपये लागले, एकूण दीड लाख. तिसऱ्या वर्षी 45 जण लावत होते, त्यातले 5 आधीचे. वाढले 40, आणि शेतकऱ्यामागे खर्च 3,750. पत्रकावर पहिली संस्था दहापट मोठी दिसते, शेतात मात्र दुसरीचे काम अडीचपटीहून अधिक आहे.

तिसरेच वर्ष का, तर पहिल्या वर्षी फुकट मिळाले म्हणून कोणीही पेरतो. दुसऱ्या वर्षी संस्थेचे ताई-दादा विचारायला येतात, म्हणून भिडेखातर पेरले जाते. तिसऱ्या वर्षी शेतकरी घरच्या कणगीतून तेच बियाणे काढतो, तेव्हा ते त्याला पटलेले असते. अनेक बीज बँका नेलेल्या बियाण्याच्या दीडपट किंवा दुप्पट परत घेतात. ही परतफेडीची वही संस्थेकडचा सर्वांत बोलका कागद आहे. कोणी नेले, कोणी परत केले, कोणाचे पावसात गेले, सगळे तिच्यात असते. छापील अहवालाआधी ती पाहायला मागावी.

बरण्यांचा फोटो मात्र मला अस्वस्थ करतो. बी जिवंत असते, श्वास घेत असते, आणि ओलाव्यात लवकर म्हातारे होते. बियाणे शास्त्रात एक ढोबळ नियम आहे: बियातला ओलावा एका टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरवले तरी तसेच. प्रमाणित भात बियाण्यात ओलावा 13 टक्क्यांच्या आत आणि उगवण किमान 80 टक्के असावी लागते. जुलैतली आपल्याकडची हवा उघड्या पोत्यातला दाणा 15 टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवते. दोन टक्के वाढ, म्हणजे आयुष्य चौथ्या हिश्श्यावर. जुनी माणसे बियाणे पेंढ्याच्या मुड्यात बांधून चुलीवरच्या माळ्यावर ठेवत किंवा राखेत मिसळत, त्यामागे हेच होते. झाकण सैल झालेली, वर्षानुवर्षे कपाटात असलेली काचेची बरणी देखणी असते, पण तिच्यातले बी मेलेलेही असू शकते.

पारख सोपी आहे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर होते. शंभर दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावे. चार-पाच दिवसांत पांढरे मोड दिसू लागतात, दोन आठवड्यांनी शेवटची मोजणी. मोड आला पण मूळ फुटले नाही, किंवा कोंब वाकडा-आखूड राहिला, तर तो दाणा धरायचा नाही. एक सावधगिरी: शंभरातले 80 उगवले तर खरी उगवण 72 ते 88 च्या दरम्यान कुठेही असू शकते. म्हणून प्रयोगशाळेत 400 दाणे घेतात, तेव्हा हा पल्ला निम्म्यावर येतो. आणि कापणीनंतर लगेच चाचणी केली तर काही वाण सुप्तावस्थेमुळे उगवत नाहीत, त्यांना मेलेले समजू नये. पेरणीच्या आधीच्या महिन्यातला असा तक्ता ज्या संस्थेकडे आहे, तिच्या बरण्यांवर मी विश्वास ठेवीन.

वाणांच्या संख्येचेही तसेच. एका गावातला कोलम आणि पलीकडच्या गावातला कोलम एकच असेल असे नाही, तसेच दोन निराळ्या नावांचे भात एकच निघू शकतात. उंची, फुलोऱ्याचा दिवस, कुसळ, दाण्याचा रंग यांच्या नोंदी नसतील, तर 150 वाण म्हणजे 150 चिठ्ठ्या. भाताचे एक बरे असते, ते जवळपास सगळे स्वपरागी, म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे शेजारी लावले तरी फारसे मिसळत नाही. दुधीचे तसे नाही. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, पतंग या वेलावरून त्या वेलावर फिरतात. पाच प्रकारचे दुधी एकाच परसात लावून बी धरले, तर पुढच्या वर्षी पाचांपैकी एकही शुद्ध राहत नाही. फुले हाताने परागित करून बांधता का, हा प्रश्न विचारला की समोरच्याला काम कितपत माहीत आहे ते दोन मिनिटांत कळते.

देशी तेवढे चांगले, असेही मी मानत नाही. उंच वाढणारे जुने भात खत घातल्यावर लोळते, आणि कर्जतच्या संशोधन केंद्राचे सुधारित वाण चांगल्या जमिनीत जास्त उतारा देतात. ज्या घरचा भात फेब्रुवारीत संपतो, त्यांना कमी उतारा देणारा वाण लावायला सांगणे म्हणजे जैवविविधतेचा खर्च सर्वांत गरीब माणसाकडून वसूल करणे आहे. संस्थेने त्याची भरपाई कशी केली, हे पाहायला हवे. कधी ती बाजारभावातून होते. वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कधी पेंढ्यातून होते, कारण उंच भाताचा पेंढा जास्त आणि गुरे तो आवडीने खातात. कधी सगळे शेत न बदलता फक्त दोन खाचरे जुन्या वाणाला देऊन. काहीच भरपाई नसेल तर शेतकरी तो वाण सोडणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

देणगीदार हमखास विचारतात, शंभरातले किती रुपये थेट शेतकऱ्यापर्यंत जातात? प्रश्न रास्त आहे. पण उगवणचाचणी, ओलावा मोजायचे यंत्र, नोंदी ठेवणाऱ्या गावातल्या मुलीचे मानधन, हे सगळे हिशेबात प्रशासकीय खर्च म्हणून दिसू शकते. हा खर्च शून्याजवळ असलेल्या संस्थेच्या बियाण्याची खात्री कोण देणार? धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, लेखापरीक्षण, देणगीवरच्या करसवलतीची (80जी) मान्यता हे सारे तपासावेच. त्यातून पैशाचा कायदेशीर हिशेब कळतो, वाण टिकला की नाही ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट अहवालात क्वचितच असते, ती मालकी. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकण्याचा हक्क दिला आहे. शेतकऱ्यांचे वाण त्यांच्या किंवा गावाच्या नावावर नोंदवताही येतात. संस्थेने नोंदणी केली असेल तर ती कोणाच्या नावाने? उद्या तिचा निधी आटला तर बीज बँकेची किल्ली कोणाकडे? घाटाच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, देशी बियाणे जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साठी पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामात बाएफ संस्थेची साथ होती, पण बियाणे आणि त्याचे ज्ञान मुळात राहीबाईंच्या घरचे होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शक्य असेल तर सप्टेंबरात कसारा लोकल पकडून एकदा गाव पाहून यावे. तेव्हा भात पोसवलेले असते आणि वाणांतला फरक बांधावरून दिसतो. बियाणे बहुतेक घरांत बायकाच राखतात, म्हणून प्रश्न त्यांना विचारावा: यंदाचे बियाणे कुठून आणले? ‘संस्थेने दिले’ असे उत्तर पहिल्या वर्षी ठीक आहे, चौथ्या वर्षी नाही. ‘घरचेच’ म्हणाल्या, तर शेजारीपाजारी कोणाला दिले तेही विचारावे, आणि कोणाचे नाव सांगितलेच, तर संस्थेच्या यादीत नसलेल्या त्या घरीही जाऊन यावे.