मांजराचे इन्सुलिन : मात्रा ठरते तळाच्या आकड्यावर

सकाळी आठ वाजता, इन्सुलिन टोचण्याआधी, मांजराची रक्तशर्करा ३८० भरली की मात्रा वाढवावी असे घरातल्या कोणालाही वाटते. मात्र हा आकडा आदल्या रात्रीच्या इंजेक्शनचा प्रभाव ओसरल्यानंतरचा असतो आणि एवढ्यावरून मात्रा वाढवणे मांजराच्या जिवावर बेतू शकते. खरा निर्णय होतो तो दोन इंजेक्शनांमधल्या बारा तासांत साखर किती खाली उतरली, यावर.

मांजरांचा मधुमेह बहुधा माणसांच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. वजन वाढलेल्या, नसबंदी झालेल्या, मध्यम वयाच्या बोक्यांमध्ये तो अधिक आढळतो. उपचारात साधारणपणे बारा तासांच्या अंतराने एकेक युनिट इन्सुलिनने सुरुवात करतात आणि आरंभीची मात्रा सहसा दोन युनिटांच्या वर नेत नाहीत. पुढचा प्रत्येक बदल पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच व्हायला हवा. त्यासाठी लागणारी माहिती मात्र घरी, मांजर निवांत असताना, अधिक खरी मिळते, कारण दवाखान्यातल्या भीतीनेच मांजराची साखर ३००च्या पुढे जाऊ शकते.

ही माहिती म्हणजे दर दोन तासांनी घेतलेल्या नोंदींचा आलेख. समजा, आठला ३८०, दहाला २९०, बाराला १९०, दोनला ९५, चारला १४०, सहाला २४० आणि रात्री आठला ३५० अशा नोंदी आल्या. तळ ९५चा आहे आणि तो साधारण ८० ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या अपेक्षित पट्ट्यात बसतो, म्हणून सकाळचे ३८० कितीही खुपले तरी मात्रा वाढवायची नाही. तोच तळ २१०चा असता, तर अर्धा युनिट वाढवण्याचा विचार झाला असता. ६२चा असता, तर मात्रा कमी करावी लागली असती. बदलानंतर नव्या मात्रेचा परिणाम स्थिरावायला काही दिवस जातात, म्हणून साखर धोकादायकरीत्या खाली गेलेली नसेल तर किमान पाच ते सात दिवस थांबणे आवश्यक असते.

रक्ताचा थेंब कानाच्या कडेच्या बारीक शिरेतून मिळतो. कोमट कापडाने कान क्षणभर शेकला की शीर फुगते; मागे कापसाचा बोळा धरून सुई टोचायची, थेंब पट्टीला लावायचा आणि नंतर कान हलकेच दाबून धरायचा. बहुतेक मांजरे ही सवय लावून घेतात, विशेषतः लगेच आवडीचा खाऊ मिळत असेल तर. माणसांसाठीचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात अनेकदा कमी आकडा दाखवते. माणसाच्या रक्तातील साखरेचा मोठा वाटा तांबड्या पेशींमध्ये असतो. मांजरात मात्र ती जवळजवळ सगळी रक्तद्रवात असते आणि यंत्राचा हिशेब तिथेच चुकतो. म्हणून नोंदी सदैव एकाच यंत्राने घ्याव्यात आणि ते कोणते, हे पशुवैद्यकाला सांगावे.

आपल्याकडे सिरिंजची गफलत फार सहज होते. भारतात इन्सुलिनच्या कुप्या प्रति मिलिलिटर ४० युनिटांच्याही मिळतात आणि १०० युनिटांच्याही. पहिलीची सिरिंज लाल टोपणाची, दुसरीची नारिंगी. मांजरांना बऱ्याचदा दिले जाणारे ग्लार्जिन हे इन्सुलिन १०० युनिटांचे असते. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका युनिटाच्या खुणेपर्यंत भरले, तर मांजराच्या अंगात अडीच युनिट जातात. चार किलोच्या जिवासाठी ही चूक फार मोठी आहे. कुपी आणि सिरिंज यांवरचा आकडा एकच आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.

साखर फार उतरली की मांजर अडखळते, मलूल पडते, क्वचित त्याला झटके येतात. अशा वेळी हिरड्यांवर मध किंवा साखरेचे पाणी चोळावे, तोंडात ओतू नये, आणि तातडीने पशुवैद्यकाला गाठावे. मांजर जेवलेच नाही, तर नेहमीची मात्रा देण्यापूर्वीही विचारून घ्यावे.

वेळेवर सुरू झालेले इन्सुलिन आणि कमी पिष्टमय, प्रथिनयुक्त आहार यांमुळे काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते. तळ उतरत जातो, मात्रा अर्ध्या अर्ध्या युनिटाने कमी होत जाते आणि एके दिवशी इंजेक्शनच थांबते. आजार नंतर परतू शकतो, म्हणून कानाच्या कडेचा तो थेंब त्यानंतरही अधूनमधून घ्यावा लागतो.