मध्यम पल्ल्याच्या धावपटूची कामगिरी

८०० आणि १५०० मीटर या मध्यम पल्ल्याच्या प्रमुख शर्यती. त्या धावणाऱ्या खेळाडूची कारकीर्द लिहिताना वेळ, क्रमांक आणि समोर कोण धावत होते, हे तिन्ही एकत्र मांडावे लागते. १०० मीटरमध्ये प्रत्येक जण शेवटपर्यंत आपल्याच पट्ट्यात असतो. ८०० मीटरमध्ये पहिले वळण संपले की पट्टे सुटतात आणि कोणी आघाडी घ्यायची, कोणी मागे दबा धरून राहायचे, हा डाव सुरू होतो. म्हणून नुसती वेळ फसवते. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने १५०० मीटरचे सुवर्ण ३ मिनिटे ५० सेकंदांत जिंकले. १९३२ नंतरची ही सर्वांत संथ विजयी वेळ. पण आघाडीला राहून त्याने सगळी शर्यत मुठीत ठेवली होती. ते सुवर्ण हलके म्हणणे अन्यायाचे आहे.

नुसता क्रमांकही तितकाच फसवतो. भारतीय लष्कराच्या राजपुताना रायफल्सचे श्रीराम सिंग, प्रशिक्षक इलियास बाबर यांचे शिष्य, १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत १ मिनिट ४५.७७ सेकंदांत सातवे आले. निकालपत्रकात एवढेच दिसते. ४०० मीटरची पहिली फेरी मात्र त्यांनीच ५०.८५ सेकंदांत, सर्वांच्या पुढे राहून पूर्ण केली होती. पाठोपाठ होता क्यूबाचा आल्बेर्तो हुआंतोरेना, आणि त्याने १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम केला. हा विक्रम श्रीराम यांनी घडवला असे लिहिणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण ते स्वतःच्या पदकासाठी धावत होते. पण त्या वेगवान पहिल्या फेरीचा उल्लेख गाळला तर नोंद अपुरी राहते. आफ्रिकी देशांच्या बहिष्कारामुळे ८०० मीटरचा तेव्हाचा आघाडीचा धावपटू, केनियाचा माइक बॉइट, त्या शर्यतीत नव्हता, हेही लिहायला हवे; पण त्यामुळे शर्यतीत धावलेल्या कोणाचेही मोल कमी होत नाही.

स्पर्धांची नावे नीट लिहिणे हाही प्रामाणिकपणाच. आशियाई क्रीडा स्पर्धा आणि आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद या वेगळ्या स्पर्धा आहेत. ‘आशियाई विजेता’ एवढेच लिहिले की दोन्हींची सरमिसळ होते. क्रीडा स्पर्धांत श्रीराम यांना १९७०मध्ये बँकॉकला रौप्य, १९७४मध्ये तेहरानला आणि १९७८मध्ये पुन्हा बँकॉकला सुवर्ण मिळाले. जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा १९८३मध्ये सुरू झाली. त्यामुळे त्यांच्या खाती जागतिक पदक नाही, ही उणीव त्यांची नव्हे, काळाची आहे.

माँट्रियलमधली त्यांची १ मिनिट ४५.७७ सेकंदांची वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून ४२ वर्षे टिकली. इतका टिकलेला विक्रम धावपटूची थोरवी सांगतो, तसेच पुढच्या पिढ्यांत ८०० मीटरकडे देशाचे किती कमी लक्ष राहिले, हेही सांगतो. २०१८मध्ये गुवाहाटीत जिन्सन जॉन्सनने १ मिनिट ४५.६५ सेकंदांत तो मोडला, तेव्हा फरक होता ०.१२ सेकंदाचा.