टॅरंटुला घरी येण्याआधी: डबा घरीच कसा करावा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमचं दुकान परभणीत, माशांच्या टाक्यांचं. काच कापायची, सिलिकॉनने जोडायची, पाणी भरून दोन दिवस गळती बघायची, हा आमचा धंदा. अलीकडे मात्र कॉलेजातली पोरं, आणि एकदा तर चक्क रिटायर झालेले गुरुजी, दुकानात येऊन विचारतात, "टॅरंटुलासाठी टाकी करून मिळंल का?" टॅरंटुला म्हणजे मोठा केसाळ कोळी. सुरुवातीला आम्ही माशाचीच दोन फुटी टाकी उचलली आणि तिला डासांच्या जाळीचं झाकण बसवून दिलं. ते चुकलं होतं. कसं चुकलं ते पुढे येईलच.

पिल्लाचे पैसे भरून झालेत, हातात यायला अजून तीन-चार आठवडे आहेत आणि तोवर हात शिवशिवतायत, अशांसाठी हे पत्रक. आम्ही कोळी विकत नाही. काच, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा), चिमटे विकतो. तरी पहिली गोष्ट हीच सांगतो: पिल्लासाठी आमची टाकी घेऊ नका. घरातली बरणी पुरते. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: डबा आजच करा, म्हणजे कोळी यायच्या आधी तो पंधरा दिवस रिकामा चालवून बघता येईल.

जमिनीवरचा की झाडावरचा?

दुकानात आल्यावर आम्ही हाच प्रश्न आधी विचारतो. टॅरंटुला हे हजाराच्या वर जातींचं कुळ आहे आणि सगळ्यांचं घर एकसारखं नसतं. मेक्सिकन रेड नी किंवा मध्य अमेरिकेतला कर्ली हेअर हे जमिनीवर, बिळात राहणारे. कॅरिबियन बेटांवरचा पिंक टो झाडावर जाळं विणून राहतो. पहिल्या प्रकाराला पसरट डबा लागतो, दुसऱ्याला उभा. विकणाऱ्याकडून जात पक्की लिहून घ्या. "मोठा केसाळ आहे" एवढ्यावर आम्हाला माप काढता येत नाही.

जमिनीवरच्या कोळ्याचं पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं असतं. तो काचेवर चढतो आणि वरून पडला तर पोट फुटून मरू शकतो. म्हणून मातीपासून झाकणापर्यंतची मोकळी उंची त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त ठेवू नये. पसारा 12 सेंटिमीटर असेल तर वर 18 सेंटिमीटर, बस. लांबी पसाऱ्याच्या तिप्पट, रुंदी दुप्पट असली की झालं. माशाच्या टाकीत उंची म्हणजे शोभा; इथे तीच जिवावर बेतते. जुनी उंच टाकी घरात पडून असेल तर ती फेकू नका, खाली मातीचा थर वाढवा.

बरणी, डबी आणि काच

पिल्लू नखाएवढं असतं. त्याला मेडिकलमध्ये मिळणारी लघवी तपासणीची नवी पारदर्शक डबी उत्तम. हसू नका, झाकण फिरकीचं असतं, आरपार दिसतं आणि आठ-दहा रुपयांत काम होतं. मोठ्या डब्यात नखाएवढं पिल्लू सोडलं तर ते जेवलं की नाही हेच तुम्हाला कळणार नाही, आणि त्याला भक्ष्य सापडणार नाही ते वेगळंच. थोडं वाढलं की लोणच्याची किंवा बिस्किटांची प्लास्टिक बरणी. लोणच्याची असेल तर साबणाने धुऊन चार दिवस उन्हात वास जाईपर्यंत ठेवा. वास नाकाला येत नाही म्हणजे गेला असं समजू नका, झाकणाच्या आतलं रबर हुंगून बघा.

मोठं झाल्यावर काचेची टाकी हवी तर आम्ही करून देऊ. पाण्याचा दाब नसल्यामुळे इथे जाड काच लागत नाही, 4 मिलिमीटर भरपूर होते. घरी जोडणार असाल तर बुरशीरोधक औषध न मिसळलेलं, माशांच्या टाकीचं सिलिकॉन घ्या. त्याला सुरुवातीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर तरी, टाकी उघडी ठेवा. अॅक्रिलिकच्या डब्याचे सांधे बरेच कारागीर क्लोरोफॉर्मने चिकटवतात, तेव्हा तोही आठवडाभर हवेशीर ठेवावा.

भोकं

वारा आरपार खेळला पाहिजे, म्हणून समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं पाडा. नुसत्या झाकणाला पाडली तर खालची हवा कोंदट राहते. भोकाचं माप पिल्लाच्या डोक्याकडच्या कडक भागापेक्षा लहान हवं, कारण तो भाग जिथून जातो तिथून पाठोपाठ आख्खा कोळी जातो. पोट दबून जातं. डबीला गॅसवर तापवलेली टाचणी पुरते. बरणीला सोल्डरिंगची सळई चालते, पण अंगणात बसून, तोंडावर रुमाल बांधून. जळक्या प्लास्टिकचा धूर स्वयंपाकघरात नको. भोक आतून बाहेर पाडायचं, म्हणजे खरखरीत कड बाहेर राहते. तरीही आत बोट फिरवून बघा, बोचलं तर पॉलिश पेपर मारा.

आता जाळीची गोष्ट. कोळ्याच्या प्रत्येक पायाच्या टोकाला बारीक नख्या असतात. आमच्या त्या पहिल्या टाकीत कोळी झाकणाला उलटा लटकला, नखी जाळीत अडकली आणि सुटायच्या धडपडीत त्याने एक पाय गमावला. पुढच्या दोन काती टाकेपर्यंत तो पाय परत वाढला, तेवढं त्याचं आणि आमचं नशीब. ग्राहक मोठ्या मनाचे होते, पैसे परत मागितले नाहीत. तेव्हापासून आम्ही भोकं पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी बसवतो. नायलॉनची जाळी तर कोळी चावून फाडूही शकतो.

झाकण नुसतं ठेवलेलं चालत नाही. हा प्राणी दिसतो सुस्त, पण हलकं झाकण ढकलतो. फिरकी नसेल तर दोन्ही बाजूंना कागदाला लावतात ते काळे क्लिप लावा.

खालचा थर

आपली काळी माती नको. भिजली की चिखल, वाळली की भेगा, आणि कोळ्याने केलेलं बीळ त्याच्याच अंगावर बसतं. शिवाय कापूस-सोयाबीनच्या रानातली माती म्हणजे वर्षानुवर्षांची फवारणी. बांधावरची असली तरी आणू नका. नदीची वाळूही नको, लाकडाचा भुसाही नको.

कोकोपीट घ्या, पण नुसतं. रोपवाटिकेतल्या पोत्यात बऱ्याचदा गांडूळखत किंवा रासायनिक खत मिसळलेलं असतं, ते झाडाला चांगलं, इथे नाही. साडेसहाशे ग्रॅमची वीट पाण्यात भिजवा, फडक्यातून पिळा, पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढा. नारळाच्या काथ्यात मीठ असू शकतं. मग मुठीत दाबा. थेंब गळला तर अजून ओलं आहे. उन्हात पसरून ठेवा, मुठीत गोळा होतो पण पाणी सुटत नाही इतपत आलं की भरा. जमिनीवरच्या मोठ्या कोळ्याला 10 ते 12 सेंटिमीटर थर, दाबून बसवलेला. डबीत अर्ध्याच्या थोडं वर.

लपायला नारळाची अर्धी करवंटी, कडेला बोट जाईल एवढी खाच पाडून, थोडी मातीत रुतवलेली. किंवा संक्रांतीचं फुटकं सुगड आडवं. बाहेरच्या महागड्या झाडाच्या साली परभणीत मिळत नाहीत आणि त्यावाचून काही अडतही नाही. झाडावरच्या कोळ्याला वाळक्या बांबूचा तुकडा तिरका उभा करा. रानातली साल किंवा काटकी आणलीच तर पाण्यात उकळून, कडक उन्हात वाळवून. पाण्याला बाटलीचं टोपण. त्यात स्पंज घालू नका, तो घाण धरतो.

रिकामा डबा चालवा

आता पंधरा दिवसांची खरी कामगिरी. कोळी आत आहे असं समजून डबा त्याच्या कायमच्या जागी ठेवा, टोपणात पाणी घाला, आत छोटा डिजिटल थर्मामीटर टाका. दुपारी तीनला आणि पहाटे पाचला आकडा बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

साधारण 22 ते 30 अंश या कोळ्यांना मानवतं. आपल्याकडे अडचण थंडीची कमी, उन्हाची जास्त. मे महिन्यात मराठवाड्यात पारा 42-43 वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत, वरच्या फळीवर, तुमचा थर्मामीटर काय दाखवतो ते एकदा बघाच. दुपारचा आकडा 33 च्या वर राहत असेल तर जागा बदला: आतली खोली, खाली फरशीवर, भिंतीपासून थोडं दूर. काचेच्या डब्यावर खिडकीतलं ऊन अर्धा तास पडलं तरी आत भट्टी होते. कूलरचा झोत थेट नको, आणि कूलरच्या पाण्यात डासांसाठी कोणी रॉकेल किंवा फिनाइल टाकत असेल तर त्या खोलीतच नको. लाइट गेल्यावर काय, हेही आत्ताच बघून ठेवा. आमच्याकडे माठाच्या शेजारी, ओल्या पोत्याच्या आडोशाने ठेवलेला डबा पंखा बंद असतानाही निभावला. परभणीत हिवाळ्यात कधी पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा डबा फरशीवरून उचलून कपाटात ठेवा. खालून तापणारी गादी लावू नका. कोळी उष्णतेपासून वाचायला खाली खणतो आणि नेमका तिच्याच जवळ जातो.

ओलाव्याच्या आकड्यामागे धावायची गरज नाही. रोज फवारणं तर नकोच. पाण्याचं टोपण भरलेलं आणि एका कोपऱ्यात महिन्यातून एक-दोनदा ओतलेलं थोडं पाणी, एवढ्यावर बहुतेक जमिनीवरच्या जाती मजेत राहतात. पिल्लाच्या डबीला मात्र उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी बघावं लागतं. एवढीशी डबी आपल्या हवेत एका दुपारी खडखडीत होते.

रिकाम्या डब्यात पांढरी बुरशी आली तर घाबरू नका, आत्ताच आली हे बरं झालं. दोन भोकं वाढवा, थर थोडा वाळू द्या. उड्या मारणारे टाचणीच्या टोकाएवढे पांढरे किडे दिसले तर ते बुरशी खाणारे, निरुपद्रवी.

आणि मुंग्या. सेलूहून आलेल्या एका ताईंनी पंधरा दिवस कशाला म्हणून कुरकुर केली होती. सहाव्या दिवशी फोन आला: डबीत लाल मुंग्यांची रांग. कोळी आत असता, कात टाकून मऊ पडलेला असता, तर संपलंच होतं. यावर उपाय जुनाच. आजीच्या दुधाच्या फडताळाखाली जशा पाण्याच्या वाट्या असायच्या, तसा डबा उपड्या वाटीवर आणि ती वाटी पाण्याच्या ताटलीत. मुंग्यांचा खडू ओढायचा नाही.

त्या खडूवरून आठवलं: कोळी हाही सहा पायांच्या किड्यांच्या दूरच्या भावकीतला, जे झुरळाला मारतं ते याला मारतं. डास मारायची उदबत्ती, भिंतीतलं लिक्विड, डांबर गोळ्या, कापूर, झुरळांचा स्प्रे, यांतलं काहीही त्या खोलीत नको. नगरपालिकेचा धूर सोडणारा गाडा गल्लीत आला की खिडक्या लावून घ्या. घरातलं झुरळ पकडून खायला घालू नका, ते कुठलं औषध खाऊन आलंय कोणास ठाऊक.

आल्या दिवशी

पिल्लू ओल्या टिश्यूत गुंडाळलेलं, छोट्या नळीत येतं. नळी मोठ्या प्लास्टिकच्या टबात धरून उघडा, पंखा बंद, दार बंद, मांजर बाहेर. नळीचं तोंड डबीत धरून मागून मऊ रंगाच्या ब्रशने हळूच ढकला. हाताने उचलू नका. अमेरिकेकडच्या पुष्कळ जाती पोटावरचे बारीक केस मागच्या पायांनी उडवतात. त्वचेला खाज सुटते आणि डोळ्यात गेले तर डॉक्टरच गाठावा लागतो. आशिया-आफ्रिकेकडच्या जातींना हे केस नसतात, पण त्यांचं विष जास्त त्रास देतं, म्हणून पहिल्यांदाच पाळणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पाच-सात दिवस खायला देऊ नका. नंतर दिलेलं भक्ष्य दुसऱ्या दिवशी तसंच असेल तर काढून टाका. कोळी पाठीवर उताणा पडला म्हणजे मेला नाही, कात टाकतोय. तेव्हा डब्याला हातही लावायचा नाही. याच वेळी घाबरून हलवल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं.

कागद

मेक्सिकन रेड नी ज्या ब्रॅकिपेल्मा गटातला, तो गट वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, आणि अशा परिशिष्टातले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर सौदा मोडा, डबा वाया गेला तरी चालेल. देशी कोळी बरणीत आणायचा विचारही नको. आंध्रातल्या गुत्ती गावावरून ओळखला जाणारा निळा टॅरंटुला 1899 मध्ये शास्त्राला कळला, मग शंभरएक वर्षं कोणाला दिसला नाही, 2001 मध्ये पुन्हा सापडला; आज तो नष्ट होण्याच्या कडेवर आहे. त्याचा सगळा गट 2019 पासून साइटिसच्या त्याच परिशिष्टात आला.

मादी वीस वर्षं सहज जगते, तेव्हा घरच्यांना आधी सांगा. आमच्याकडून टाकी हवी असेल तर माप सेंटिमीटरमध्ये, कोळ्याची जात आणि पंधरा दिवसांचे तपमानाचे आकडे लिहून आणा. कॅलेंडरचं पान फाडून आणलं तरी चालतं, बरेच जण तेच करतात. भोकं आम्ही फुकट पाडून देतो. सोमवारी दुकान बंद.