गेमिंग पीसीचे दोन हिशेब: मिलिसेकंद आणि वॅट

पहिला तगडा गेमिंग पीसी जुळवायला निघालेला माणूस बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतो. कार्ड ठरतं, उरलेल्या पैशांत प्रोसेसर बसवला जातो, एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या) वाट्याला चिल्लर येते आणि मॉनिटर म्हणून घरातला जुनाच पुढे चालू राहतो. ही यादी उलट्या टोकाने लिहावी. सगळी यंत्रणा शेवटी मॉनिटरसाठीच राबते. त्यावर पिक्सेल किती आणि चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, यावरून बाकीचं ठरतं.

फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० गुणिले १४४० ला, म्हणजे १४४०पीला ३६.९ लाख, तर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे फोर-केला ८२.९ लाख. ६० हर्ट्झच्या फुल एचडी मॉनिटरला सेकंदाला १२.४ कोटी पिक्सेल पुरवावे लागतात, १४४ हर्ट्झच्या फोर-के मॉनिटरला ११९ कोटी. जवळजवळ दहापट काम! शिवाय वेळही आटतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. तेवढ्या वेळात प्रोसेसरने कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, भिंत कशी कोसळली हे ठरवायचं आणि ग्राफिक्स कार्डाने ते रंगवायचं. दोघांतला जो मागे पडेल त्याच्यासाठी दुसरा खोळंबतो.

म्हणून आधी स्वतःला विचारा, खेळणार काय? चपळाईचे नेमबाजीचे खेळ असतील तर २७ इंची, १४४०पी, १६५ ते २४० हर्ट्झचा मॉनिटर घ्या. मोठ्या नजाऱ्यांचे, निवांत खेळायचे खेळ असतील तर ३२ इंची फोर-के. २४ इंची मॉनिटरवर फोर-केचा हट्ट नको. इतके बारीक पिक्सेल डोळ्याला फारसे वेगळे दिसत नाहीत, कार्डाला मात्र ते सगळे रंगवावेच लागतात.

कार्ड आणि त्याची मेमरी

१४४०पीसाठी आरटीएक्स ५०७० टीआय किंवा रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी, फोर-केसाठी आरटीएक्स ५०८०. तिन्हींवर १६ जीबी मेमरी आहे आणि या वर्गात त्याहून कमी घेऊ नये. खेळातल्या भिंती, कपडे, चेहरे यांची चित्रं (टेक्स्चर) याच मेमरीत राहतात. ती भरली की कार्डाला वारंवार मुख्य रॅमकडे हात पसरावा लागतो आणि ती वाट कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी अरुंद असते. सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, पण मधेच हिसका बसतो. ८ जीबीच्या कार्डाबद्दलच्या बहुतेक तक्रारी या हिसक्यांच्याच असतात.

जाहिरातीतले आकडे वाचताना एक भान हवं. डीएलएसएस किंवा एफएसआरसारखं अपस्केलिंग खरोखर उपयोगी आहे. फोर-केवर 'क्वालिटी' निवडलं की चित्र आतून १४४०पीचंच बनतं आणि मग मोठं केलं जातं. पण 'फ्रेम जनरेशन' ही वेगळी गोष्ट आहे. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मधे बनवलेल्या फ्रेम घुसवतात. हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. मुळात ३० फ्रेम देणारं कार्ड १२० चा आकडा दाखवत असेल तरी हाताला खेळ ३० चाच जाणवतो.

प्रोसेसर: गाभ्यांपेक्षा कॅश

खेळासाठी १६ गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर घेणं म्हणजे चार माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं. ८ गाभे पुरतात. खरा फरक कॅशमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीमुळे पडतो. खेळाचा माहितीसाठा विखुरलेला असतो आणि प्रोसेसर त्यात सारखा इकडेतिकडे उड्या मारतो. हवी ती गोष्ट एल३ (तिसऱ्या पातळीच्या) कॅशमध्ये सापडली तर दहा-बारा नॅनोसेकंदांत काम होतं. रॅमपर्यंत जावं लागलं तर सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद जातात आणि तोवर गाभा रिकामा बसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे, त्यातली ६४ एमबी वेगळ्या चिपच्या रूपात थरावर थर रचून बसवलेली. आधीच्या ७८००एक्स३डीमध्ये हा थर गाभ्यांच्या वर होता, त्यामुळे गाभ्यांची उष्णता त्याच्याखाली कोंडायची आणि वेग आवरता घ्यावा लागायचा. ९८०० मध्ये तो खाली गेला, गाभे थेट कूलरच्या बाजूला आले आणि वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत नेता आला.

फोर-केवर मात्र बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच मागे पडतं. तिथे पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा चालतो, कार्ड नाही. इंटेलचे १३व्या-१४व्या पिढीचे आय७, आय९ जुन्या साठ्यातून स्वस्तात मिळाले, तर मदरबोर्डचं बायॉस (पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्याशिवाय वापरू नका. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे ते कायमचे बिघडत होते आणि त्यावरचे मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) उपाय २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आले.

मदरबोर्डवर उधळपट्टी करू नका. ९८००एक्स३डीची वीज माफक आहे, त्यामुळे बी८५० किंवा चांगला बी६५० पुरतो. बी६५० घेतलात तर मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण आहे ना ते पाहा. बोर्डातलं बायॉस प्रोसेसरपेक्षा जुनं असेल तर पीसी सुरूच होत नाही. मग पेन ड्राइव्ह आणि हे बटण एवढाच मार्ग उरतो.

रॅम ३२ जीबी डीडीआर५, वेग ६०००, लेटन्सी (मागणीनंतरचा उशीर) सीएल३०, म्हणजे ३० चक्रं. मोठ्या आकड्याला भुलण्याआधी भागाकार करा: ३० चक्रं भागिले ३००० मेगाहर्ट्झ (डीडीआर एका चक्रात दोनदा माहिती पाठवते, म्हणून ६००० च्या निम्मे) म्हणजे १० नॅनोसेकंद. ६४०० वेगाची सीएल४० रॅम याच हिशेबाने १२.५ वर जाते, म्हणजे दाराशी जास्त वेळ उभं करते. १६ जीबीच्या दोनच काड्या घ्या. चार काड्या लावल्या की मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो, आणि एएम५ वर (या रायझन प्रोसेसरांच्या सॉकेटवर) अधिकृत वेग थेट ३६०० वर येतो. 'आत्ता दोन, पुढच्या वर्षी आणखी दोन' हा बेत डीडीआर५ मध्ये फसतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून हा मोह वाढला आहे, तरीही.

एसएसडीबद्दल थोडक्यात: २ टीबी, एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा प्रकार), पीसीआयई ४.० (मदरबोर्डाशी जोडणीची पिढी), वाचनाचा वेग सेकंदाला ७००० एमबीच्या आसपास. पीसीआयई ५.० चे ड्राइव्ह दुप्पट वेग दाखवतात आणि चांगलेच तापतात, पण खेळ उघडण्याच्या वेळेत तो फरक जवळपास दिसत नाही.

आता वॅट

यादीतला सर्वात दुर्लक्षित भाग एसएमपीएस. हिशेब सोपा आहे. आरटीएक्स ५०८० चे ३६० वॅट, प्रोसेसरची कमाल मर्यादा १६२, बोर्ड-रॅम-पंखे मिळून पन्नास-साठ. बेरीज ५८० च्या आसपास. मग ६५० वॅटचा का नको? कारण ग्राफिक्स कार्ड वीज एकसारखी ओढत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ ते नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज मागतं. हे झटके सहन झाले नाहीत तर एसएमपीएसचं संरक्षण चालू होतं आणि रंगात आलेल्या खेळात पीसी एकदम बंद पडतो. म्हणून ८५० वॅट, आणि एटीएक्स ३.१ मानकाचा. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतली बांधणी सांगत नाही. वॉरंटीची वर्षं हा त्याहून बरा निकष. दहा वर्षं देणारी कंपनी आत कच्चे कपॅसिटर सहसा घालत नाही.

आणि ग्राफिक्स कार्डाला वीज देणारी ती बदनाम १६ पिनांची केबल. ऑक्टोबर २०२२ पासून आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याचे फोटो फिरू लागले. कारण गणितात सापडतं. वीज सहा पिनांमधून येते आणि एका पिनची क्षमता ९ अँपिअरच्या थोडी वर. ५०९० कार्डाचे ५७५ वॅट १२ व्होल्टवर म्हणजे ४८ अँपिअर, पिनामागे ८. प्लग अर्धवट बसून दोन पिनांचा स्पर्श ढिला राहिला, तर उरलेल्या चार पिनांवर १२-१२ अँपिअर येतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून दीडपट प्रवाहाला सव्वादोनपट उष्णता. ५०८० चे ३० अँपिअर अशा वेळीही पिनामागे साडेसातवर थांबतात. ५०८० निवडण्याचं हेही एक कारण. नंतर आलेल्या १२व्ही-२x६ कनेक्टरमध्ये संवेदक पिना (प्लग बसला का ते कार्डाला कळवणाऱ्या) आखूड केल्या आहेत, त्यामुळे प्लग पुरता बसला नसेल तर कार्ड पूर्ण वीज मागत नाही. तरीही प्लग दाबून बसवा, फट दिसत नाही ना ते टॉर्चने पाहा, आणि प्लगपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर (काढता-लावता येणाऱ्या) केबल नव्याला कधीही लावू नका. प्लग तंतोतंत बसतो, पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की ड्राइव्ह जळतो.

आपल्याकडे यात दोन गोष्टींची भर पडते. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतो. खेळ चालू असताना वीज गेली तर तो त्याच क्षणी मान टाकतो. निदान १००० ते ११०० व्हीए आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा हवा. दुसरी गोष्ट अर्थिंग. जुन्या वाड्यांत, चाळींत तिसरी पिन नुसतीच शोभेला असते. मग एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह अगदी क्षीण असतो, पण बोटाला झिणझिण्या येतात. पीसी बदलून हे जात नाही, इलेक्ट्रिशियनच बोलवावा लागतो.

शिरलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीत येतो. ५०० वॅट म्हणजे एक टनाच्या एसीच्या क्षमतेचा सातवा हिस्सा. शिवाय कूलर चिपचं तापमान खोलीच्या तापमानाच्या वर काही अंशांवर रोखू शकतो, त्याखाली नाही. २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारं कार्ड जळगाव-नागपूरच्या मे महिन्यात, ४० अंशांच्या खोलीत, ८० च्या घरात जाणार. म्हणून कॅबिनेट निवडताना काचेपेक्षा जाळी पाहा. समोरून दोन-तीन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, आणि पुढे धुता येणारी धूळजाळी. आत येणारी हवा जास्त असली की धूळ फटींतून न शिरता जाळीवर अडते.

९८००एक्स३डीला पाण्याचा कूलर लागतोच असं नाही. दोन मनोऱ्यांचा हवेचा कूलर पुरतो. पाण्याचाच घ्यायचा तर रेडिएटर छताला लावा. पंप सगळ्यांत वर आला तर त्यात हवेचे बुडबुडे साठतात आणि तो कुरकुरू लागतो. खरेदीआधी मिलिमीटर जुळवा. हवेचे मोठे कूलर १५५ ते १६५ मिमी उंच असतात, कार्डं ३००-३५० मिमी लांब. पुढे रेडिएटर लावलात तर त्याची जाडी कार्डाच्या जागेतून वजा होते.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून करा की ऑनलाइन, बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर हवा आणि वॉरंटी भारतातली हवी. बाहेरून आणलेलं कार्ड थोडं स्वस्त पडतं आणि बिघडलं की कुणाचंच नसतं. सगळे भाग एकाच आठवड्यात घ्या. सहा महिने जमवत बसलात तर पहिला भाग सदोष निघाल्याचं कळेपर्यंत बदलून घ्यायची मुदत संपते.

जुळवणी

मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कूलर आधी बाहेर बसवा. एएम५ मध्ये नाजूक पिना सॉकेटमध्ये असतात, त्यामुळे प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, सरकवायचा नाही. सॉकेटचं प्लॅस्टिक झाकण जपून ठेवा, वॉरंटीसाठी बोर्ड परत पाठवताना ते लागतं. रॅमच्या दोन काड्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढली का? नव्या पीसीत प्रोसेसर पहिल्याच मिनिटाला ९५ अंश दाखवत असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्यावा. मग बोर्ड कॅबिनेटमध्ये. आधी खालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचे खुंट) बोर्डाच्या भोकांशी जुळतात ना ते मोजा. एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाला मागून शॉर्ट करतो. कार्ड सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या वजनाला खालून आधार.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळाच राहतो आणि बोर्डावर डीरॅमचा दिवा लागतो. इथे बरेच जण घाबरून बटण दाबून बंद करतात. थांबा. डीडीआर५ रॅमशी बोर्ड आपला ताल जुळवत असतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. सुरू झाल्यावर बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम बहुधा ४८०० वरच चालत राहते.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा. मदरबोर्डच्या सॉकेटला लावली तरी चित्र दिसतं, कारण ९८००एक्स३डीमध्ये छोटासा ग्राफिक्स भाग आहे. म्हणूनच चूक लक्षात येत नाही आणि खेळ २० फ्रेमवर रांगतो. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट पाहा. नवा मॉनिटर पुष्कळदा ६० हर्ट्झवरच सुरू होतो. तसाच राहू दिला तर कार्ड सेकंदाला १४४ चित्रं काढेल, आणि त्यातली पुरी ६०च तुम्हाला दिसतील.